गाजणे म्हणजे काय : इंदापूर, बारामती आणि महाराष्ट्र केसरीची यादी

महाराष्ट्र केसरी किताबाच्या विजेत्यांची यादी हा वाचण्याजोगा दस्तऐवज आहे, असे म्हटले तर साहित्याच्या अभ्यासकांना ते चमत्कारिक वाटेल. यादीत तीनच रकाने असतात : वर्ष, गाव आणि नाव. 1961, औरंगाबाद, दिनकर दह्यारी. 1962, धुळे, भगवान मोरे. 1964 आणि 1965 ह्या दोन्ही वर्षी गणपत खेडकर, एकदा अमरावतीला आणि एकदा नाशिकला. यादी अशी खाली सरकत राहते आणि बरीच खाली गेल्यावर दोन ओळी लागतात : 2005, इंदापूर, सईद चाऊस, 2006, बारामती, अमोल बुचडे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे हे दोन शेजारी तालुके. दोन्ही गावांमध्ये अंतर पन्नासएक किलोमीटरचे, आणि राज्यातला सर्वांत मानाचा कुस्तीचा किताब लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या अंगणात दिला गेला. ह्या दोन ओळींपाशी आम्ही थांबतो, कारण त्या एक जुना प्रश्न नव्याने उभा करतात. विजेता कोण, हे यादी सांगते. गाजलेला कोण, हे ती सांगत नाही. मग ते कोण ठरवते?

हा प्रश्न जगभरच्या व्यावसायिक खेळांत विचारला जातो, आणि सर्वांत हिरिरीने बहुधा अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये. तेथे खेळाडूच्या प्रत्येक हालचालीची नोंद होते, तरीही 'सुपरस्टार' कुणाला म्हणायचे ह्यावर एकमत होत नाही. विजेतेपदे मोजायची म्हटली, तर 1957 ते 1969 ह्या काळात अकरा विजेतेपदे मिळवणाऱ्या बिल रसेलच्या पुढे कुणी जात नाही. त्याचा समकालीन विल्ट चेंबरलेन फक्त दोनदा विजेत्या संघात होता. पण दंतकथा झाली ती त्याच्याभोवती. 2 मार्च 1962 रोजी हर्शी नावाच्या लहानशा गावात त्याने एका सामन्यात शंभर गुण केले. तेथे चार हजारांहून थोडे अधिक प्रेक्षक होते आणि त्या सामन्याची चित्रफीत नाही. आहे ते एक छायाचित्र : '100' लिहिलेला कागद हातात धरून बसलेला चेंबरलेन. पुढे मायकेल जॉर्डनच्या काळात दूरचित्रवाणी होती, 1984 साली त्याच्याशी करार करणारी बुटांची कंपनी होती आणि सहा विजेतेपदेही होती. त्याचे तारांकित होणे जगाने डोळ्यांनी पाहिले. चेंबरलेनचे शंभर गुण जगाने ऐकले. आमच्या मते कुस्तीचा विचार करताना जॉर्डनपेक्षा चेंबरलेन अधिक उपयोगी पडतो.

येथे भाषेकडे वळायला हवे. 'स्टार' ही कल्पना डोळ्यांची आहे : उंचावर, दूर, चमकणारे काहीतरी. मराठीने चित्रपटातल्या नटनट्यांसाठी 'तारका' आणि 'तारा' स्वीकारले. पण पैलवानाला कुणी तारा म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पैलवान 'गाजतो'. तो 'मैदान गाजवतो', त्याचे 'नाव होते', त्याचा 'डंका वाजतो', आखाडा 'दणाणतो'. गाजणे हा गर्जनेच्या कुळातला शब्द. 'लौकिक' म्हणजे लोकांत जे चालते ते. 'कीर्ती' आणि 'कीर्तन' ही तर एकाच धातूची लेकरे. कीर्ती म्हणजे जी सांगितली जाते ती. आपल्या भाषेत मोठेपणाची इंद्रिये कान आणि जीभ आहेत. कुस्तीच्या फडात ज्याने पहाटे तालमीत घाम गाळला तो एक असतो. हलगी वाजवणारा, निवेदन करणारा, फडावरून परत जाताना एस. टी.त शेजाऱ्याला डाव समजावून सांगणारा असे दुसरे अनेक असतात. ह्या दुसऱ्यांशिवाय पहिला गाजत नाही. हे विधान अलंकारिक वाटू नये म्हणून प्रत्यक्ष व्यवहाराकडे पाहू.

गावच्या जत्रेतला फड दुपारी सुरू होतो. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून हौद मळलेला असतो. प्रथम लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. रेवड्यांवर, नारळावर, पाच-दहा रुपयांवर. मग उन्हे उतरतात तशी इनामाची रक्कम वाढत जाते, आणि अगदी शेवटी, दिवेलागणीला, 'एक नंबरची' कुस्ती. कुणाची कुस्ती कितव्या नंबरला लागली, ह्यावरून त्याची पायरी कळते. ही पायरी कोणतीही संघटना ठरवत नाही. जत्रा कमिटीचे पंच, जोड लावणारे वस्ताद आणि वर्गणी देणारे गावकरी मिळून ती ठरवतात, आणि ठरवताना त्यांच्यापुढे एकच कसोटी असते : ह्याचे नाव जाहिरातीवर घातले तर माणसे येतील का? ज्या पोराला पाच वर्षांपूर्वी रेवडी मिळाली, तो ह्या वर्षी तिसऱ्या नंबरला लागला, हे फडाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याचे चरित्र त्यांच्या डोळ्यांदेखत लिहिले गेलेले असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला मास्तर वस्तीवर तालीम उभी करायला निघतो, तेव्हा सबंध वस्ती त्या बांधकामात ओढली जाते, हे येथे आठवावे. तालीम ही गावाची वास्तू, आणि तिच्यातून निघणारा पैलवान हे गावाचे बोलणे.

आणि ह्या बोलण्याला एक अट आहे : निकाल. मातीवरच्या कुस्तीचा जुना निकाल म्हणजे चीतपट. दोन्ही खांदे मातीला लागले की संपले. ते पाहायला नियमांचे पुस्तक लागत नाही. शेवटच्या रांगेत, झाडावर, ट्रॅक्टरच्या टपावर बसलेल्यालाही ते दिसते. निकाल सर्वांना एकाच क्षणी कळतो आणि म्हणून सर्वांना एकाच वेळी ओरडता येते. गाजण्याचा उगम ह्या एकाच वेळच्या ओरडण्यात आहे. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीचा पैलवान कितीही ताकदीचा असो, त्याला घेऊन लोक घरी जात नाहीत.

आता पुन्हा यादी. तिच्यात ह्या अटीचा एक विलक्षण पुरावा आहे. 1963 साली साताऱ्याला कुस्ती अनिर्णीत राहिली आणि किताब कुणालाच दिला गेला नाही. 1977 साली चाळीसगावलाही तसेच झाले. 1989 पासून तर सलग तीन वर्षे नावाचा रकाना रिकामा आहे. आजच्या कोणत्याही व्यावसायिक स्पर्धेत हे अशक्य आहे. तेथे ज्यादा वेळ असतो, टायब्रेकर असतो, काही नाही तर नाणेफेक असते, कारण प्रायोजकाला आणि प्रक्षेपणकर्त्याला विजेता हवाच असतो. मामासाहेब मोहोळ ह्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली कुस्तीगीर परिषद मात्र वर्ष कोरे सोडू शकत होती. निकाल नाही तर केसरी नाही. आमच्या दृष्टीने ह्या कोऱ्या जागा यादीतल्या सर्वांत प्रामाणिक नोंदी आहेत.

यादीतली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. साठच्या दशकात आणि सत्तरच्या आरंभी लागोपाठ दोनदा जिंकणारे चार जण दिसतात : गणपत खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले आणि लक्ष्मण वडार. 1973 साली अकोल्याला वडार दुसऱ्यांदा जिंकले, आणि त्यानंतर 2008 पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, कुणालाही हा किताब दुसऱ्यांदा मिळाला नाही. दर वर्षी नवे नाव. युवराज पाटील, हिरामण बनकर, इस्माईल शेख, विष्णू जोशीलकर, आप्पालाल शेख, धनाजी फडतरे, राहुल काळभोर. एका वर्षाच्या राजांची ही दीर्घ मालिका. इंदापूरचे सईद चाऊस आणि बारामतीचे अमोल बुचडे हे तिच्यातले शेवटचे दोन राजे.

असे का झाले असावे? एक उत्तर असे की तालमी वाढल्या आणि चुरस वाढली. ते खरे असेल, पण पुरेसे वाटत नाही. आमचे अनुमान वेगळे आहे. महाराष्ट्र केसरी हा मुकुट नव्हता, ती उपाधी होती. मुकुट दर वर्षी राखावा लागतो. उपाधी एकदा मिळाली की नावाला चिकटते. 'महाराष्ट्र केसरी अमुक' हे जन्मभर म्हणायचे असते, एखाद्या गवयाच्या नावामागे 'पंडित' लागावे तसे. एकदा ती मिळाल्यावर पुन्हा त्याच स्पर्धेत उतरून हरण्याचा धोका कशासाठी पत्करायचा? त्यापेक्षा जत्रांचे फड बरे. तेथे किताबाच्या जोरावर मानधन वाढलेले असते आणि हरलो तरी उपाधी जात नाही. बास्केटबॉलपटूचा करार त्याला हंगामामागून हंगाम मैदानात उतरवतो. आपल्या व्यवस्थेने पैलवानाला शिखरावर पोहोचवून तेथून बाजूला होण्याची सोय करून ठेवली होती. व्यवहार म्हणून ती शहाणपणाची असेल. पैलवानाचे शरीर हेच त्याचे भांडवल आणि ते दहा वर्षांत संपते. पण गाजण्याला मात्र ती मारक ठरली, कारण गोष्ट पुढे सरकायला नायकाने पुन्हा पुन्हा पणाला लागावे लागते.

ह्याच्या उलट उदाहरण म्हणून हरिश्चंद्र बिराजदार ह्यांच्याकडे पाहावे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा पैलवान 1969 साली लातूरला महाराष्ट्र केसरी झाला. यादीत त्यांची नोंद एकाच ओळीची आहे. पण जुन्या कुस्तीशौकिनांना त्यांच्याविषयी विचारले तर ते लातूरविषयी बोलत नाहीत, बेळगावविषयी बोलतात. सत्तरच्या दशकात दिल्लीचा सतपाल ही उत्तरेतून आलेली धास्ती होती. 1982 च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवणारा आणि पुढे सुशील कुमारचा गुरू म्हणून ओळखला गेलेला हाच तो सतपाल. बेळगावच्या मैदानात बिराजदारांनी त्याला हरवले. कोल्हापूरच्या खासबागेत युवराज पाटील ह्यांनीही सतपालला हरवले, आणि त्यांचेही नाव त्या एका कुस्तीपाशी येऊन थांबते. गाजण्याला बाहेरून आलेला प्रतिस्पर्धी लागतो. ज्याला हरवता येईल असे कुणाला वाटत नव्हते असा. पोवाड्याला अफझलखान लागतो, तसाच. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, 1912 साली ते पुरे झाले, आणि उत्तरेतले, पंजाबातले मल्ल कोल्हापुरात आणून त्यांच्या जोडी लावल्या, त्यामागे शौक होताच. पण बाहेरच्याशी झुंज लावल्याशिवाय आपला मल्ल मोठा होत नाही, ही जाणही होती.

बाहेरच्याचा हा मुद्दा जरा नीट तपासावा लागतो, कारण आपला कोण आणि बाहेरचा कोण हे ह्या यादीत जन्मावरून ठरत नाही. 1966 सालचे विजेते दीनानाथसिंह आहेत. 2011 पासून सलग तीनदा जिंकणारे नरसिंग यादव उत्तर प्रदेशातून मुंबईत आलेल्या कुटुंबातले. चाऊस हे आडनाव मराठवाड्यात अरब शिपायांच्या वंशजांमध्ये आढळते. शेख तर यादीत वारंवार येतात. तालीम ज्या मातीतली, पैलवान त्या मातीतला, असा हा साधा न्याय आहे. महाराष्ट्राच्या अस्मितेविषयी लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही यादी अधूनमधून वाचायला हरकत नाही.

आता इंदापूर आणि बारामती. ह्या दोन्ही तालुक्यांत कुस्तीच्या फडाला लागणारी सामाजिक रचना पूर्वीपासून आहे. तुकोबांची पालखी ह्याच वाटेने जाते : बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला गोल रिंगण. माणसे वर्तुळात बसतात, मधली जागा मोकळी राहते, अश्व धावतो, आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. हौदात उतरणारा पैलवानही आधी माती कपाळाला लावतो. ह्या साम्यावरून आम्ही कोणताही सिद्धान्त मांडत नाही. एवढेच म्हणतो की वर्तुळात बसून एका जागेकडे पाहणे आणि जे पाहिले ते गावोगाव नेणे, ही सवय ह्या मुलखाला शिकवावी लागली नाही.

शिवाय येथे कारखाने होते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी. संस्थाने गेल्यावर पश्चिम महाराष्ट्रात पैलवानाचा आश्रयदाता बदलला. राजाच्या जागी सहकारी साखर कारखाना आणि त्याचा अध्यक्ष आला. आणि सत्ताही होती. 2005-06 च्या सुमारास दोन्ही तालुके ज्या लोकसभा मतदारसंघात मोडत होते, त्याचे खासदार शरद पवार केंद्रात कृषिमंत्री होते आणि राज्य कुस्तीगीर परिषदेचे दीर्घकाळचे अध्यक्षही. इंदापूरचे आमदार हर्षवर्धन पाटील राज्यात मंत्री होते. एखाद्या स्पर्धेला ह्याहून भक्कम यजमान मिळणे कठीण.

आणि तरीही आमचा मुद्दा असा की यजमान कितीही भक्कम असला तरी त्याला मैदान देता येते, गदा देता येते, गाजणे देता येत नाही. चाऊस आणि बुचडे ह्यांच्या कर्तबगारीला ह्यात कमीपणा नाही. खुल्या गटात सबंध महाराष्ट्रातल्या मल्लांना मागे टाकणे म्हणजे काय, हे ज्याने तालीम जवळून पाहिली आहे त्यालाच कळेल. पण त्या दोन वर्षांची आठवण जिल्ह्याबाहेर आज कितपत सांगितली जाते? नोव्हेंबर 2005 मध्ये पवार भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, 2008 साली, आयपीएल सुरू झाली आणि त्या फेब्रुवारीत महेंद्रसिंग धोनीला पंधरा लाख डॉलरची बोली लागली. एकाच नेतृत्वाखाली, तीनएक वर्षांच्या अंतराने, दोन जगे शेजारी उभी होती : एकात तारा लिलावात, कॅमेऱ्यापुढे, हंगाम सुरू होण्याआधीच घोषित होत होता, दुसऱ्यात तो अजून जत्रेच्या जाहिरातीवर एक-एक नंबर वर सरकत होता. दुसऱ्या जगाकडे पहिल्याइतके लक्ष गेले असते तर काय झाले असते, ही चर्चा कुस्तीच्या लोकांत पुष्कळ होते. आम्हांला तिच्यापेक्षा हे महत्त्वाचे वाटते की पुढची लाट कोणत्याही धोरणातून आली नाही. 2007 ला औरंगाबादला आणि 2008 ला सांगलीला विट्याजवळच्या भाळवणीच्या चंद्रहार पाटील ह्यांनी किताब जिंकला, आणि पस्तीस वर्षांनी 'डबल महाराष्ट्र केसरी' हा शब्द पुन्हा कानांवर पडला. एका पैलवानाने उपाधीला मुकुट मानायचे ठरवले, एवढेच झाले. मग नरसिंग यादव तीनदा, त्यांच्यामागून विजय चौधरी तीनदा. यादीची लयच बदलली.

चंद्रहार पाटील 2024 साली सांगलीतून लोकसभेची निवडणूक लढले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. गाजलेले नाव मतपेटीपर्यंत तसेच पोहोचत नाही. फडाभोवती बसलेला माणूस आणि मतदार एकच असला तरी तो दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी ऐकत असतो.

गाजण्याच्या ह्या व्यवस्थेत एक मोठा अन्याय दडलेला आहे आणि तो झाकून ठेवणे बरे नाही. लोकांच्या डोळ्यांना थोराड शरीर लागते. केसरीची गदा खुल्या गटाची, म्हणजे व्यवहारात वजनदारांची. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला सत्तावन्न किलो गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी घर गहाण ठेवल्याचे सांगितले जाते. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबा पोलीस खात्यात नोकरी करत राहिले, 1984 साली अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. ज्या पिढीने खंचनाळे, आंदळकर, मारुती माने ह्या हिंदकेसरींना डोक्यावर घेतले, तिला ह्या लहान चणीच्या माणसाने काय केले आहे ते कळायला अर्धे शतक लागले. हिंदकेसरींचा मोठेपणा ह्याने उणावत नाही. आंदळकर आणि माने ह्यांनी 1962 च्या जकार्ता आशियाई खेळांत पदके मिळवलीच होती. पण हेलसिंकीची कुस्ती कुणी पाहिली नव्हती आणि ती सांगायला फड नव्हता. तीच गोष्ट, सौम्य रूपात, पाटोद्याच्या राहुल आवारेची. बिराजदारांच्या आणि पुढे काका पवारांच्या तालमीत घडलेल्या ह्या मल्लाने 2018 च्या राष्ट्रकुल खेळांत सुवर्ण आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्र केसरीच्या यादीत त्याचे नाव असणे त्याच्या वजनामुळेच शक्य नव्हते. चौऱ्याहत्तर किलो गटात जागतिक कांस्य मिळवणाऱ्या नरसिंग यादव ह्यांनी खुल्या गटात तीनदा गदा उचलली, हे म्हणूनच असाधारण आहे.

गेल्या काही वर्षांत ह्या व्यवस्थेचा पाया हलतो आहे. कुस्ती गादीवर आली, गुण आले, पंचांचे हात वर-खाली होऊ लागले. आता मातीच्या विभागातला विजेता आणि गादीच्या विभागातला विजेता अंतिम फेरीत समोरासमोर येतात. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात माती विभागाच्या अंतिम लढतीत मोहोळच्या सिकंदर शेखविरुद्ध महेंद्र गायकवाडला एका टांगेचे चार गुण मिळाले आणि त्यावरून महाराष्ट्रभर वाद पेटला : चार की दोन? खांदा किती कोनात होता? लोक मोबाइलवर तो क्षण थांबवून-थांबवून पाहत होते. गदा त्या वर्षी शिवराज राक्षेने जिंकली. पण त्या आठवड्यात प्रत्येकाच्या तोंडी नाव होते ते हरलेल्या सिकंदरचे. निकाल पंचांनी दिला आणि गाजणे लोकांनी आपल्याकडे ठेवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने राक्षेलाच झोळी डावावर चीत केले. त्याच महिन्यात धाराशिवला, दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेत, राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. संघटनांच्या भांडणातून एका महिन्यात दोन केसरी. 1963 साली एकही केसरी न देणारे राज्य साठ वर्षांनी दोन-दोन देऊ लागले, आणि अशा वेळी खरा कोण हे ठरवण्याचे काम पुन्हा फडाभोवतीच्या माणसांकडेच आले. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला तर दोन्ही खांदे टेकले की नाही ह्यावरच वाद झाला. चिडलेल्या राक्षेने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली; अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला; पृथ्वीराज मोहोळ विजयी घोषित झाला. पंचाला लाथ मारण्याचे समर्थन कुणीही करू नये. पण जो निकाल एके काळी ट्रॅक्टरच्या टपावरून दिसत होता, तो आता पडद्यावर मागे-पुढे करूनही दिसेनासा झाला आहे, ही अडचण एकट्या पंचाची नाही.

कबड्डीने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. 2014 पासूनच्या प्रो कबड्डीत लिलाव आहे, प्रकाशझोत आहे, तीस सेकंदांची चढाई आहे. चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला पहिल्या हंगामात छत्तीस लाखांची आणि लगेच पुढच्या, 2019 च्या, लिलावात एक कोटी पंचेचाळीस लाखांची बोली लागली. जत्रेत जी पायरी चढायला दहा वर्षे लागतात ती एका वर्षात. कबड्डीचा खेळाडू बास्केटबॉलच्या अर्थाने तारा होऊ शकतो. तो गाजतो का, हे अजून काही हंगाम गेल्यावर कळेल.

मार्च 2023 मध्ये सांगलीला एक नवी यादी सुरू झाली. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा उचलली. ह्या यादीतल्या पहिल्या ओळीच्या आधी काहीच नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे फड नाहीत, नावापुढे चिकटवायला जुन्या वस्तादांच्या आख्यायिका नाहीत, आणि रेवडीपासून एक नंबरपर्यंतची शिडी मुलींसाठी पुष्कळ गावांत अजून उभीच राहिलेली नाही. मुलींच्या कुस्त्या जत्रेच्या जाहिरातीवर येऊ लागल्या आहेत. बहुतेक वेळा मधल्या नंबरांवर, दुपारच्या उन्हात.